काखेतली दोनशे चौदा चित्रं

चित्रविक्रीचा मेळावा भरवणारे साहेब, तुम्ही आमच्या चितारणीला फसवलंत, आणि तेही तिच्या सख्ख्या मावशीच्या हातून!

ही चितारीण स्वयंपाकघरात, ओट्याला खेटून चित्रं काढते. तिच्या निळ्याशार आभाळालाही तळणीचा वास येतो. स्वतंत्र खोलीच्या डिपॉझिटसाठी तिने तीन वर्षं पै-पै साठवली, आणि तुमच्या स्टॉलचं भाडं नेमकं तेवढंच! खोली की स्टॉल? मावशी म्हणाली, "आधी मोजू, मग ठरवू." मावशी म्हणजे बसची निवृत्त कंडक्टर. गेल्या वर्षी ती दिवसभर तुमच्या फाटकाबाहेर बसली आणि काखेत चित्र घेऊन बाहेर पडणारा एकेक माणूस तिने मोजला.

"दोनशे चौदा!" चप्पल न काढताच तिने घरात आरोळी ठोकली. "अगं, चित्रं नेतात की भाजी!"

दोघींनी ओट्यापुढे अशा गिरक्या घेतल्या की पिवळा रंग पिठात सांडला. डिपॉझिट तुमच्या घशात गेलं.

यंदा पहिल्या दिवशी दुपारपर्यंत स्टॉलवर चिटपाखरू नाही. त्यात चितारणीला लागली घाईची.

"संडास फाटकाबाहेर आहे, ताई," शेजारच्या स्टॉलवरचा दाढीवाला म्हणाला. "सगळ्यात चांगलं चित्र काखेत मारून न्या. मागे ठेवलंत तर त्याला पाय फुटतील. आम्ही सगळे तसंच करतो, दिवसातून चारदा."

"चारदा?"

"गिऱ्हाईक नसलं की चहा फार होतो हो."

ती काखेत चित्र मारून धावली. फाटकाबाहेर मावशी यंदाही हौसेने मोजत होती. "एक्केचाळीस! अगं बाई, तू?"

"मावशी, गेल्या वर्षी चेहरे पाहिलेस का गं?"

"कंडक्टर डोकी मोजतो, भवाने! चेहरे बघत बसले असते तर बस सुटली असती का?" बोलता बोलता मावशीचा आ वासला, तो वासलेलाच राहिला.

मग जे हसू फुटलं! चितारीण पोट धरून पायरीवर बसली. "हसवू नकोस गं, मला अजून जायचंय!" संडासाच्या रांगेतले चित्रकारही, काखेतली चित्रं सावरत, खो-खो हसू लागले.

तिचं आटोपल्यावर ते अख्खं लटांबर तुमच्या कार्यालयात घुसलं. चितारणीने डोळे पुसले. "साहेब, गेल्या वर्षी इथून विकलं गेलेलं एक चित्र सांगा. फक्त एक. ते कुणाच्या भिंतीवर आहे?"

तुम्ही चष्मा पुसायला घेतलात. अजून पुसताय. ते सगळे तुमच्यासमोर उभे आहेत, हलणार नाहीत. बोला, कुणाच्या भिंतीवर?