दरवेळी दोनच सेंटिमीटर

माझे डोळे गेले, असं आमच्या घराने एकमताने ठरवलं. ठरवताना मला विचारलं नाही. नजर गेलेल्या माणसाला काय विचारायचं!

गेले चार महिने माझ्या प्रत्येक फोटोत माणसाचे कान स्वच्छ आणि डोळे पुसट येत होते. स्टुडिओ माझा आणि धाकट्या भावाचा. त्याच कॅमेऱ्यावर त्याचे फोटो मात्र लख्ख. "ताई, वय झालं की व्हायचंच," असं तो इतक्या मायेने म्हणायचा की एक ठेवून द्यावीशी वाटे. भावजयीने गाजराचा रस सुरू केला. चष्मा दोनदा बदलून झाला. शेवटी शाळेतल्या वर्गांचे फोटो, जे सव्वीस वर्षं मी काढत आले, ते उद्या भाऊ काढणार आणि मी काउंटरवर बसून पाकिटं भरणार, असं ठरलं.

आज सकाळी पाकिटं भरताना माझे वाया गेलेले फोटो एकत्र हाती आले. चाळीस चेहरे, आणि चाळीसही वेळा डोळ्यांऐवजी कान. म्हातारी नजर चुकली तर कधी पुढे चुकेल, कधी मागे. माझे डोळे एवढे शिस्तीचे कधीपासून झाले?

मी तिरीमिरीत उठले. कॅमेरा तिकाटण्यावर लावला, टेबलावर पट्टी तिरकी ठेवली, शून्य माझ्या बाजूला. व्ह्यूफाइंडरमध्ये बघत, नेहमीप्रमाणे लेन्स हाताने फिरवून पंधराच्या आकड्यावर फोकस केला आणि फोटो काढला. स्पष्ट आला सतरा. दहा वेळा काढला. दहाही वेळा सतरा!

"इकडे ये!" मी ओरडले. भाऊ हातातला कप तसाच घेऊन आला.

"व्ह्यूफाइंडरमधली, फोकस दाखवणारी काच बदललीस का? कधी?"

"चार महिने झाले. जुनीवर ओरखडे होते. तुझ्याच सोयीसाठी बदलली ना!"

"आणि तुझे फोटो नीट कसे येतात?"

"मी ऑटोवर काढतो. काचेकडे कोण बघतं?"

म्हणजे तो कॅमेऱ्याला फोकस करायला लावत होता, मी त्याने बसवलेल्या काचेवर विश्वास ठेवत होते, आणि आंधळी ठरले मी! माझ्या अंगाची लाही लाही झाली.

"काच काढताना वर काही होतं?"

"एक पितळी चौकट होती, कागदाएवढी पातळ. पॅकिंग असेल म्हणून ठेवून दिली."

पॅकिंग! काच नेमक्या उंचीवर बसावी म्हणून ती चौकट असते. ती नसली की काच केसभर वर सरकते, आणि डोळ्याला जे स्पष्ट दिसतं, त्याच्या मागचं फोटोत स्पष्ट येतं. ड्रॉवरमधल्या डबीत जुन्या काचेला चिकटून ती निघाली. चिमट्याने मीच बसवली. ज्यांची नजर गेली होती, त्यांनीच.

पुन्हा फोटो काढला. पंधरा.

भावाने कप टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "बरं, मग उद्या तूच जा शाळेत." जणू मला खाऊ देत होता.

"जाणारच आहे. आधी मुख्याध्यापकांना फोन लाव. काय झालं ते सांग."

त्याने लावला. "सर, कॅमेऱ्यात जरा बिघाड होता..."

"पूर्ण सांग."

"...म्हणजे, माझ्या हातून काच चुकीची बसली होती. ताईची नजर उत्तम आहे."

मुख्याध्यापकांचा आवाज मलाही ऐकू आला. "अहो, पण बाईंनी स्वतःच मला सांगितलं होतं, आता दिसत नाही म्हणून."

सांगितलं होतं. चार महिने रोज ऐकून ऐकून मीही तेच सांगत सुटले होते. त्या क्षणी भावापेक्षा मला माझाच जास्त राग आला. मी फोन त्याच्या हातातून घेतला.

"चुकीचं सांगितलं होतं, सर," मी म्हणाले. "उद्या साडेसातला येते. मुलांना उंचीप्रमाणे उभं करून ठेवा."