जिंकणाऱ्याचं काम

अंकित मरायला लागला की तालमीच्या खोलीत सगळे गप्प होत. आधी तो गुडघ्यावर येई, मग एक हात जमिनीला टेके आणि मान वर करून मारणाऱ्याकडे बघे. मारणारा म्हणजे सुशील. पण सुशीलकडे कोणी बघत नसे.

एका संध्याकाळी सुशीलची बायको पुष्पलता तालीम बघायला आली होती. अंकित पडला तसा तिनं पदर डोळ्यांना लावला.

"रडाले काय झालं वं?" सुशीलनं घरी जाताना विचारलं.

"पोट्टा खरंच मेल्यासारखा वाटला जी."

"अन् मी?"

"तुमचं काय? तुम्ही तं उभेच होते."

उन्हाळाभर महाल भागातल्या दुकानात कूलर दुरुस्त करायचे आणि हिवाळ्यात काम मंदावलं की प्रताप नगरच्या मंडळाच्या नाटकात उभं राहायचं, असा सुशीलचा शिरस्ता होता. आजवर तो हवालदार झाला होता, दरवान झाला होता, "साहेब आले" एवढं सांगून परतला होता. यंदा शामला मॅडमनी रोमचं नाटक लिहिलं आणि त्याच्या हातात तलवार दिली. आखाड्यात जिंकणारा योद्धा! आयुष्यातलं पहिलं मोठं काम. हरणारा योद्धा झाला अंकित. मोबाईलच्या दुकानात नोकरी करणारा, गल्लीत नुकताच भाड्यानं राहायला आलेला, याआधी कधी स्टेजवरही न चढलेला.

मॅडम इतिहासाच्या निवृत्त शिक्षिका. त्या समजावून सांगत, "ही नुसती मारामारी नाही. तिथली बडी माणसं लोकांची मर्जी राखायला स्वतःच्या खर्चानं हे खेळ भरवत. बघायला मानकरी पुढे, गरीब मागे, जो तो आपापल्या पायरीवर. हरलेल्याला सोडायचं की मारायचं, ते सगळे ओरडून सांगत. एरवी ज्यांना कोणी विचारत नसे, त्यांचंही तेवढ्यापुरतं ऐकलं जाई. एकाचा जीव जाताना बघून बाकीच्यांना वाटे, आपण सगळे एक."

"अन् मारनाऱ्याले काय वाटे?" सुशीलनं विचारलं.

"तेच तर तुम्ही दाखवायचं, सुशीलभाऊ," असं म्हणून मॅडम अंकितकडे वळल्या. "तू पडताना मान थोडी डावीकडे ठेव हं."

सुशील तलवार घेऊन तसाच उभा राहिला.

प्रयोगाच्या दिवशी मंडळाचा मांडव भरून गेला. लढाई झाली, अंकित गुडघ्यावर आला. खेळ भरवणाऱ्या सरदाराच्या कामात गोपाळराव होते. ठरल्याप्रमाणे त्यांनी समोरच्या प्रेक्षकांनाच विचारलं, "सोडू की मारू?" उत्तर काहीही आलं तरी नाटकात अंकितला मरायचंच होतं. पण लोक "सोड" म्हणतील, अशी मॅडमची खात्री होती.

मग मागून कोणीतरी ओरडलं, "मार!" हशा पिकला. लगेच दुसऱ्या बाजूनं, "मार!" पोरं ओरडली, बाया ओरडल्या, पुढच्या खुर्च्यांवरचे पाहुणेही हसत हसत ओरडू लागले. बघता बघता अख्ख्या मांडवाचा एकच आवाज झाला. आणि सगळे सुशीलकडे बघत होते.

फक्त दुसऱ्या रांगेतली पुष्पलता तेवढी अंकितकडे बघत होती.

तालमीत सुशीलची तलवार अंकितच्या खांद्याच्या वीतभर वर थांबत असे. चंदेरी रंग दिलेलं ते जड लाकूड आज थांबलं नाही.

हाड मोडल्याचा आवाज त्या गलक्यात फक्त दोघांना ऐकू आला. अंकितचं तोंड उघडलं. तो मान डावीकडे ठेवून पडला. मांडव टाळ्या-शिट्ट्यांनी दणाणला. "वा, सुशीलभाऊ!" आणि सुशीलनं तलवार उंच धरली. हवा होता तेवढा वेळ धरली.

पडद्यामागे अंकितचा चेहरा पांढराफटक झाला होता.

"पडताना झोक गेला माहा," त्यानं मॅडमना सांगितलं.

मॅडमनी सुशीलकडे पाहिलं. सुशील तोंड पुसत राहिला.

पुढचे काही दिवस चहाच्या टपरीवर लोक त्याला "मार!" म्हणून हाक घालत. सुरुवातीला तो हसे. एका दुपारी घरी पुष्पलतानं डबा भरून त्याच्यापुढे ठेवला. "अंकितले तुम्हीच नेऊन द्या."

अंकित खोलीत एकटाच होता, उजवा हात गळ्यात बांधलेला. त्यानं डबा उघडून ताटलीत वाढून घेतलं. डाव्या हातानं त्याला पोळी तुटेना. ती नुसतीच ताटलीत सरकत राहिली.

"काहून मारलं जी, काका?" त्यानं मान वर न करता विचारलं. आवाजात राग नव्हता.

"लोक ओरडून राहिले होते."

"ते तं मीबी ऐकलं."

सुशीलनं खिडकीकडे पाहिलं. मग म्हणाला, "तू मरे तं सारे तुलेच पाहत. माह्याकडे कोनीच पाहत नव्हतं."

"मी पाहत होतो ना," अंकित म्हणाला. "रोज."

सुशीलनं ताटली आपल्याकडे ओढली आणि पोळीचे तुकडे करू लागला. घासाएवढे तुकडे झाले, तरी तो ते आणखी बारीक करत राहिला.