ओल किती चढली हे सांगायची रीत

शेवटी ओल जिंकली आणि मिसेस ओल्ड्रॉइड हरल्या. आता हे झालंच नाही असं समजा. आमच्या गृहनिर्माण कार्यालयात तसंच समजतात, आणि तसं समजण्याचा मला पगार मिळतो.

माझं नाव रोवन. इंग्लंडातल्या हॅलिफॅक्स गावाच्या खालच्या अंगाला, कालव्याकाठी, आमच्या कार्यालयाच्या दगडी घरांच्या रांगा आहेत. त्यांच्या भिंतींत जमिनीतून ओल चढते. ती किती चढली याचा अहवाल मी लिहितो. ती थांबवणं माझ्या कामात बसत नाही.

अहवालाची भाषा ठरलेली असते. 'राइज' या शब्दाचं कुणाशी जमतं आणि कुणाशी जमत नाही, हे आमची साहेबीण ब्रेंडा क्रॅबट्री हिने स्थळं बघावीत तसं बघून ठरवलं होतं. 'स्लाइट राइज', म्हणजे किंचित चढ, असेल तर आम्ही खिडक्या उघड्या ठेवायला सांगतो. 'स्टेडी राइज', म्हणजे एका चालीने चढ, असेल तर तेच लेखी सांगतो. 'शार्प राइज', म्हणजे एकदम चढ, असेल तरच गवंडी येतो. आणि लागोपाठ तीनदा 'स्टेडी' आलं, तर घर राहण्याजोगं नाही असं ठरतं आणि माणसाला तिथून हलवतात. ओलीला कुणी हलवत नाही.

कंटाळून मी एकदा 'स्लाइटली सोअर्ड' असं लिहिलं. ब्रेंडाने बोलावून घेतलं.

"रोवन, 'सोअर' म्हणजे काय?"

"आभाळात झेप घेणं."

"किंचित झेप घेतलेला पक्षी पाहिलायस कधी?"

"कोंबडी."

"कोंबड्यांना आपण घरं देत नाही. खोड ते."

मिसेस ओल्ड्रॉइड लग्न होऊन त्या रांगेत आल्या आणि तिथेच विधवा झाल्या. त्यांचे यजमान सिरिल यांनी परसात रुबार्ब लावला होता. दर वसंतात त्याचे लाल देठ येत, आणि त्या शेजाऱ्यापाजाऱ्यांना त्याची आंबटगोड खीर घालत. घर सोडायला त्या तयार नव्हत्या, ते त्या रुबार्बपायी. "या वयात उपटून दुसरीकडे लावलं की जगत नाही," त्या म्हणत. रुबार्ब की स्वतः, ते सांगत नसत.

ओल वर सरकली की त्या सिरिलचा फोटो एक खिळा वर टांगत. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा सिरिल छताला टेकले होते. दिवंगत माणसाने आणखी किती वर जायचं?

त्यांच्या नावावर दोन 'स्टेडी' जमा होते. तिसरी तपासणी करायला पिकल्स नावाचे निरीक्षक येणार होते. भिंत ओली आहे हे पिकल्सना दिसलं असतं, पण गेल्या खेपेपेक्षा किती चढली हे भाडेकरूनेच सांगायचं, आणि त्याच्या तोंडून निघेल तोच शब्द लिहायचा, असा नियम आहे. म्हणून आदल्या दिवशी मी मिसेस ओल्ड्रॉइडची तालीम घ्यायला गेलो.

"एवढंच म्हणायचं, 'एकदम चढली'. शार्प."

"शार्प? अरे बाळा, मी काय बाजारात भांडायला उभी आहे?"

"मग काय म्हणाल?"

"'जरा वर आलीय' म्हणेन."

"'जरा' म्हणजे स्लाइट. गवंडी येणार नाही."

"आणि 'बऱ्यापैकी'?"

"ते स्टेडीत पडतं. तुम्हाला इथून उचलतील."

"बरं, खोकून दाखवू? खोकला छान येतो मला."

"खोकला दुसऱ्या विभागाकडे आहे."

शेवटी त्यांनी किटलीकडे तोंड करून म्हणून पाहिलं, "एकदम चढली." मग शेजारी कुणी ऐकलं तर नाही ना म्हणून पडदा सारून बघितलं. दोन-चारदा घोकल्यावर आवाजात थोडा रागही आला. मला वाटलं, जमलं.

दुसऱ्या दिवशी मीही तिथे जाऊन बसलो. पिकल्स आले ते पावसात चिंब भिजून. पायपुसण्यावर बूट घासता घासता ते म्हणाले, "माफ करा, फरशी खराब होतेय."

"छे हो, तुम्हीच माफ करा, भिंत ही अशी."

माफ्या संपेपर्यंत चहा झाला. आल्याचा केक झाला. मग पिकल्सनी पेन काढलं.

"तर, ओलीचं कसं काय?"

"एकदम..." मिसेस ओल्ड्रॉइड म्हणाल्या.

पिकल्सचा कप हवेतच थांबला. "एकदम म्हणालात तर मला हेड ऑफिसला जाऊन सही आणावी लागेल. या पावसात. पण तुम्ही माझा विचार करू नका हं."

आमच्याकडे हे वाक्य समोरच्याने विचार करावा म्हणूनच बोलतात. मी टेबलाखालून मिसेस ओल्ड्रॉइडच्या पायाला पाय लावला. त्यांनी पाय आवरून घेतला आणि मलाच "माफ कर" म्हणाल्या.

"एकदम म्हणजे अगदी तसं नाही हो," त्या पिकल्सना म्हणाल्या. "आहे आपली एका चालीने. तक्रार कशाला करायची?"

पिकल्सनी 'स्टेडी' लिहिलं. तेवढ्यात भिंतीवरच्या कागदाचा एक लांबलचक पट्टा हळूच सुटला आणि त्यांच्या खांद्यावर येऊन बसला. "माफ करा," ते पट्ट्याला म्हणाले, आणि तो परत भिंतीला लावून निघून गेले.

"का केलंत असं?" मी ओरडलोच.

"भिजला होता रे बिचारा. आणि आपला चहा प्यायलेल्या माणसाला असं तोडून बोलतात का?"

महिनाअखेर त्यांना टेकडीवरच्या उंच इमारतीत सातव्या मजल्यावर हलवलं. ब्रेंडाने अहवालात लिहिलं, 'भाडेकरूच्या स्थितीत ठळक चढ'. त्या शब्दांचं एकमेकांशी जमतं, त्यामुळे मला खोडता आलं नाही.

रुबार्ब त्यांनी बादलीत घालून वर नेला होता. तो गेला. खोकला आहे तसाच आहे, फक्त आता कोरड्या भिंतींमुळे जास्त घुमतो. लिफ्ट बहुतेक बंद असते, म्हणून त्या खाली उतरत नाहीत. गेल्या आठवड्यात मी भेटायला गेलो, तर खिडकीपाशी बसून खाली बघत होत्या.

"एक अर्ज लिहून देतोस?" त्या म्हणाल्या. "पण कुणाला त्रास व्हायला नको हं."

मी लिहून दिला. कार्यालयात तो माझ्याच टेबलावर आला, मी तो ब्रेंडाकडे पाठवला, आणि ब्रेंडाने भाषा बिनचूक असल्याचा शेरा मारून तो परत माझ्याकडे पाठवला. तो असा:

'अर्जदारास जमिनीची सवय असून सध्याच्या जागी ती उपलब्ध नाही. तरी सदर इमारतीचा सातवा मजला तळमजल्याच्या पातळीवर आणण्यात यावा. उतार एका चालीने व्हावा व मधल्या मजल्यांवरील रहिवाशांच्या चहाच्या वेळा टाळाव्यात. हे शक्य नसल्यास, परसाएवढी जमीन वर पाठवण्याची व्यवस्था व्हावी, ही नम्र विनंती.'