खालचं लावणे

पाचव्या दिवशी सकाळी बोळा पुन्हा बाहेर काढलेला दिसला आणि माझी खात्रीच पटली. वन्संना मला गारठवून घरी न्यायचं होतं.

बोळा म्हणजे माझ्या जुन्या लोकरी कोटाची बाही, आत चिंध्या भरून मी स्वतः शिवलेली. आमच्या कॅरॅव्हॅनमध्ये माझ्या बाकाखाली, अगदी जमिनीलगत, तळहाताएवढी एक जाळी आहे. तिच्यातून असा वारा येतो की घोटे बधिर होतात. रोज झोपताना मी ती घट्ट बुजवत होते आणि रोज सकाळी बोळा बाहेर. उंदीर म्हणावा, तर उंदीर काही बोळा काढून नीट भिंतीला टेकवून ठेवत नाही.

"वन्सं, रात्री उठला होतात का हो?" मी चहा गाळता गाळता विचारलं.

"मी? छे गं वहिनी. मेल्यासारखी झोपले होते."

डोळे लाल, खाली काळी वर्तुळं, आणि म्हणे मेल्यासारखी झोपले. खोटं बोलावं तर निदान तोंड धुऊन तरी बोलावं.

वन्सं म्हणजे ह्यांची धाकटी बहीण. माझ्याहून चार वर्षांनी लहान, पण नणंद ती नणंद. लग्न झाल्यापासून मी 'अहो वन्सं' आणि त्या 'अगं वहिनी', असा आमच्याकडचा न्याय. अठ्ठावीस वर्षं हॉस्पिटलात नर्स होत्या. नजर अजून वॉर्डातलीच. मी कूस बदलली तरी लक्षात ठेवतील.

गाडी ह्यांची. कारखान्यातून निवृत्त झाल्यावर जुना सांगाडा आणून चार वर्षं खपले तिच्यावर. गाडी पुरी झाली आणि हे गेले, त्याला आता आठ महिने होतील. मुलगा म्हणाला, "आई, तो डबा विकूया. गिऱ्हाईक तयार आहे." मी म्हटलं, "मला त्यात राहायचंय." त्याचा चेहरा असा झाला, जणू मी विहिरीत राहायचं म्हणाले. "या थंडीत? वीज नाही, नळ नाही, आणि तू एकटी?" चार दिवस वाद झाला, मग तह झाला. त्याने गाडी ओढत नेऊन तळ्याकाठच्या माळावर उभी करायची. मी तिथे आठ दिवस राहून दाखवायचं, सोबतीला त्याची आत्या. आठव्या दिवशी आत्याने सांगितलं की हिला जमतंय, तर गाडी माझी. नाही तर गिऱ्हाइकाची. म्हणजे माझा सगळा निकाल वन्संच्या जिभेवर. माझ्यासारख्या तोंडाळ बाईला ह्याहून मोठी शिक्षा नाही.

तर मी कंबर कसली. जन्मभर शिवणकाम केलंय, ऊब कशी धरायची ते मला कुणी शिकवायला नको. खिडक्यांच्या मापाचे चंदेरी पत्र्यासारखे कागद कापले, मागे जुनी ब्लँकेटं टाचली आणि रात्री काचांवर चढवायला त्यांना बंद शिवले. दाराला दुहेरी पडदा केला, खाली वाळू भरलेली लांब पिशवी लावली. पाण्याच्या कॅनला रजईचा अंगरखा शिवला, नाहीतर सकाळी बर्फ फोडून चहा करायची वेळ. लोखंडी शेगडी छोटी, पण धुराडं उत्तम. लाकूडवाला देऊन गेलेल्या ढलप्या तिच्यापाशी वाळत ठेवायच्या, म्हणजे धूर कमी. काचांवर आतून पाणी साचतं ते सकाळी आधी पुसायचं, मग दात घासायचे. छतावरच्या सोलरच्या पाट्यांवर ऊन पडेल तेवढीच वीज, म्हणून दिवा जपून. हे सगळं मी केलं. वन्सं नुसत्या बघत बसायच्या.

आणि ह्यांच्या पट्ट्या होत्या. हे प्रत्येक गोष्टीवर चिकटपट्टी लावून कारखान्याच्या सूचना लिहायचे, सगळ्या 'णे'त. दारावर 'ओढून घेणे'. नळावर 'आधी पंप, मग तोटी उघडणे'. आरशाखाली 'फार वेळ न लावणे', ही खास माझ्यासाठी. आणि माझ्या बाकाच्या फळीवर, जाळीच्या अगदी वर: 'झोपताना खालचं लावणे.'

खालचं म्हणजे खालचं झाकण, दुसरं काय? जाळीचं झाकण मी गाडीभर शोधलं, मिळालं नाही, म्हणून बोळा शिवला. हवेला वरची, छतातली जाळी होतीच की. हे जिवंत होते तोवर त्यांचं मी क्वचित ऐकलं. आता निदान पट्ट्या तरी पाळाव्यात, एवढंच माझ्या मनात होतं.

आणि बाईसाहेब बोळा काढत होत्या.

संशय एकदा आत शिरला की घरभर फिरतो. मला आता सगळंच दिसायला लागलं. मी तळ्यावर पाणी आणायला निघाले की वन्सं चपला शोधायला लागायच्या. एकटीला म्हणून जाऊ द्यायच्या नाहीत. माझी मोठी कात्री दोन दिवस सापडत नव्हती, ती त्यांच्या उशीखाली निघाली. सहाव्या दिवशी तर कहर झाला. माझ्या रक्तदाबाच्या गोळ्यांची अख्खी पाकिटं त्यांच्या पिशवीत! रोज सकाळी एक गोळी काढून बशीत ठेवायच्या, वर म्हणायच्या, "तू विसरतेस गं, म्हणून." मी विसरते? मला लग्नात कुणी कितव्या पंगतीला काय टोमणा मारला ते आठवतं.

रोज दुपारी त्या टेकाडावर जायच्या, कारण फोनला रेंज तिथेच. म्हणायच्या, मैत्रिणीला फोन आहे. त्या दिवशी मी मागून गेले. वारा उलटा होता, तुकडेच ऐकू आले. "...आजही तिने... मी काढलं... नाही रे, अजून काही बोलली नाही..."

मैत्रिणीला कुणी 'नाही रे' म्हणतं का?

म्हणजे आत्या-भाच्याचं संगनमत होतं. गारठवायचं, गोळ्या चुकवायच्या, मी कुरकुरले की त्याला कळवायचं आणि गाडी गिऱ्हाइकाच्या गळ्यात घालायची. ह्यांच्या सख्ख्या बहिणीने! मला इतकं वाईट वाटलं की संध्याकाळी शेगडीपाशी बसून मी त्यांच्याशी एक शब्द बोलले नाही. त्या मात्र सारख्या विचारत होत्या, "काय झालं वहिनी? काय मनात आहे तुझ्या?" कसला सोज्वळ चेहरा केला होता! मी म्हटलं, चोराच्या मनात चांदणं.

सातव्या दिवशी धुकं उठलंच नाही, म्हणून खिडक्यांवरचे कागद काढलेच नव्हते. दुपारी जेवण झाल्यावर मी मुद्दाम मोठ्याने जांभई दिली. "वन्सं, मी जरा पडते आता. शेगडी चांगली भरलीय." त्यांच्यादेखत वाकून बोळा बसवला. मग म्हटलं, "आधी मागच्या ढिगातून दोन लाकडं आणते," आणि बाहेर पडले. ढिगाकडे गेले नाही. गाडीला वळसा घालून खिडकीशी आले, कागदाचा कोपरा मीच सैल ठेवला होता.

वन्सं गुडघ्यांवर होत्या. एवढ्या संधिवाताच्या बाई, जमिनीला गाल टेकवून माझ्या बाकाखाली हात घालून बोळा ओढत होत्या.

मी दार ओढलं ते चौकटीसकट हाललं. "सापडलात! काय वाकडं केलंय मी तुमचं? सरळ सांगायचं ना मुलाला, की हिला जमत नाही! हे असं पाठीमागून कशाला?"

त्या उठल्या नाहीत. बोळा छातीशी धरून तशाच खाली बसल्या आणि रडायला लागल्या. वन्संना रडताना मी ह्यांच्या वेळीसुद्धा पाहिलं नव्हतं.

"वहिनी, नको गं असं करूस," त्या म्हणाल्या. "दादा गेला. तू पण गेलीस तर मी कुणाकडे बघायचं?"

"कुठे गेले? ढिगापाशी तर गेले होते!"

"मला फसवू नकोस. शेगडी भरायची, दार लावायचं, खालची हवा बुजवायची आणि झोपायचं. वॉर्डात अशी माणसं आणलेली मी बघितलीत. गुलाबी गाल असतात, झोपल्यासारखीच दिसतात. खालून हवा आत आली नाही तर शेगडी ती विषारी करते, हे तुला ठाऊक नाही? तुला?"

मी दार ओढून घेतलं.

"पहिल्या रात्री तू ते बुजवलंस, तेव्हाच मला कळलं," त्या म्हणाल्या. "आणि तुझ्या मुलाला तर आधीपासून भीती होती. शिवणयंत्र शेजारणीला देऊन टाकलंस. कुंड्या वाटल्यास. कपाटं रिकामी केलीस. माणूस असं कधी करतं गं?"

"गाडीत जागा नाही म्हणून!" मी ओरडले. "एवढ्याशा गाडीत शिवणयंत्र काय डोक्यावर ठेवू? अगं, वेडी आहेस का तू?"

आयुष्यात पहिल्यांदा मी वन्संना 'अगं' म्हटलं. दोघीही क्षणभर दचकलो.

"मग हे?" त्यांनी बोळा पुढे केला.

"तुझ्या दादाने लिहिलंय म्हणून. वाच. झोपताना खालचं लावणे."

त्यांनी नाक पुसलं, चष्मा लावला आणि पट्टी वाचली, दोनदा वाचली. मग बाकाची फळी उचलली, माझी बॅग बाहेर ओढली आणि टॉर्च मारला. आत, कोपऱ्यात, साबणाच्या वडीएवढं पांढरं यंत्र होतं. त्याला एक छोटं बटण, ते बंद. आणि त्यावर ह्यांच्या अक्षरात एकच शब्द: 'खालचं.' आम्ही दोघींनी एकदम मान वर केली. छताला आतून लावलेल्या, धूर झाला की वाजणाऱ्या यंत्रावर पट्टी होती: 'वरचं. कायम चालू.' सात दिवस मी त्या पट्टीखाली झोपत होते.

विषारी वायू झाला तर कोकलणारं यंत्र ते. बॅटरी खातं, म्हणून दिवसा बंद ठेवायचं आणि झोपताना लावायचं. दिवा लावतो तसं. मी दार लावतो तसं लावलं. लोकांचा निदान ध चा मा होतो. इथे एक अक्षर इकडचं तिकडे झालं नव्हतं, आणि मी ह्यांचा हुकूम पाळत दोघींचा जीव घेत होते. जाळीला झाकण कधी नव्हतंच.

मी वन्संशेजारी जमिनीवरच बसले.

"मग तोंडाने विचारायला काय झालं होतं?" मी म्हटलं. आवाज चढवायचा होता, चढला नाही.

"विचारलं असतं, आणि तू हो म्हणाली असतीस तर?"

मी त्यांच्या हातातून बोळा घेतला आणि विचारलं, "आणि असं वाटत होतं तर माझ्याशेजारी झोपायचीस कशी?"

"झोपतंय कोण? दर दोन तासांनी गजर लावून उठत होते. फोन उशीखाली धरायचे, तुला ऐकू जाऊ नये म्हणून." मग मान खाली घालून म्हणाल्या, "तुझ्या मुलाला हे बोळ्याचं काही सांगत नाही आता. जमतंय म्हणून सांगते. गाडी तुझी."

किती सोपं होतं ते. गप्प बसायचं आणि गाडी घ्यायची. पण सात दिवस लपवाछपवी करून आम्ही दोघी कुठे पोचलो होतो ते मी बघत होते. मी कोट चढवला. "चल टेकाडावर. मीच बोलते."

धुक्यात हाताला हात धरून चढलो. मुलाने पहिल्याच घंटीला फोन उचलला. "आत्या? काय झालं?"

"आत्या नाही, मी. ऐक." आणि मी त्याला सगळं सांगितलं. बोळा, पट्टी, यंत्र. वाचण्यात माझी चूक झाली, आत्या नसती तर मी मेले असते, हेही सांगितलं. "आता गाडी विकायची तर विक. पण मला जे विचारायचंय ते मला विचार. तिला गुडघ्यांवर रांगायला लावू नकोस."

मग त्याने विचारलं, लहानपणी अंधारात विचारायचा तसं.

"आई, तू मरायला नाही ना गेलीस तिथे?"

मला राग यायला हवा होता. आला नाही.

"अरे, मरत होते ती घरी," मी म्हटलं. "सकाळी उठून दोन कप काढायचे, एक परत ठेवायचा. सगळ्या खोल्या उबदार, आणि मी दिवसभर पांघरूण घेऊन पडून. तुम्हा कुणाला दिसलं नाही ते. इथे मला पहाटे थंडी वाजते, म्हणून उठावंसं वाटतं."

शेजारी वन्संनी माझा हात इतका घट्ट धरला होता की बोटं दुखायला लागली.

"आई," शेवटी तो म्हणाला, "लाकडं पुरतील का?"

"चार दिवस."

"मी लाकूडवाल्याला महिन्याचं सांगतो," तो म्हणाला.