पुठ्ठ्यापुढे हरलेली खुर्ची

मित्रांनो, बोईसरच्या कारखान्यात कोपऱ्यात, डब्यांच्या पिशव्यांखाली दबलेली ही जुनी खुर्ची म्हणजे मी. इथे विमानांच्या खुर्च्यांना गाद्या आणि कव्हरं शिवतात. माझी गादीही इथलीच. पण आठ वर्षं मी आकाशात होते, आणि तीही वैमानिकांच्या विश्रांतीची खुर्ची म्हणून! केवढा तोरा होता मला!

लांबच्या प्रवासात तीन वैमानिक असत. दोघे विमान चालवत, तिसरा माझ्यात झोपे. झोपे कसला, धडपडे! माझी पाठ अर्धवटच मागे जाई आणि पाय लोंबकळत राहत. कॅप्टन इंद्रजीत तर तीन तास नुसती कूस बदलत आणि त्यांच्याबरोबर मी करकरत असे. एकदा ते तसेच तारवटलेल्या डोळ्यांनी उठले आणि विमान उतरवायला गेले. चाकं धाडकन आपटली. सगळे सुखरूप होते, पण नंतर माझ्याजवळ येऊन ते पुटपुटले, "आज एवढ्या माणसांचं काही झालं असतं, तर?" मला फार लाज वाटली.

मग भांडण पेटलं. विमान कंपनीच्या वैमानिकांशी झालेल्या करारात लिहिलं होतं, 'विश्रांतीसाठी आरामदायी खुर्ची द्यावी.' वैमानिक म्हणत, आडवं होता आलं पाहिजे, तसं स्पष्ट लिहा. कंपनी म्हणे, खुर्ची आहे की! बैठकांवर बैठका झाल्या. शेवटी मला काढून इथे आणलं आणि नवी गादी घातली. कंपनीचे निमेशसाहेब आणि वैमानिकांच्या वतीने कॅप्टन इंद्रजीत मला तपासायला आले. साहेब चहाचा कप घेऊन माझ्यात बसले आणि चहा संपताच उठले.

"झकास आहे! अजून काय पाहिजे?"

एवढी स्तुती होऊनही माझा जीव थाऱ्यावर नव्हता.

तेवढ्यात जेवणाचा भोंगा झाला. शिलाईच्या बायकांनी भराभर डबे संपवले, मशीनच्या मधे खोक्यांचे पुठ्ठे अंथरले आणि तिथेच आडव्या झाल्या. उमरोळीहून येणारी पारू शेवटचा पुठ्ठा सरळ करत होती.

"खाली कशाला? या खुर्चीत झोपा ना," निमेशसाहेब म्हणाले.

"नाय सायेब. खुर्चीत डुलकी लागते, झोप नाय. पाठ भुईला टेकाय पायजे. आमच्याकडं वीसच मिनिटं हायत."

इंद्रजीतनी तिच्याकडून एक पुठ्ठा मागून घेतला. "मी इथे झोपतो. तुम्ही खुर्चीत झोपून दाखवा," असं निमेशसाहेबांना म्हणून त्यांनी बूट काढले आणि दोन मिनिटांत घोरू लागले. साहेब माझ्यात चुळबुळत राहिले. पुन्हा भोंगा झाला तेव्हा इंद्रजीत ताजेतवाने उठले, आणि साहेबांची मान वळेना.

"मान धरली ना?" पारू खुदकन हसली.

त्याच दुपारी साहेबांनी कराराच्या मसुद्यात स्वतःच्या हाताने लिहिलं, 'पूर्ण आडवं होता येईल असा बिछाना.' काही महिन्यांनी सह्या झाल्या. विमानात बिछाने आले आणि मी कायमची इथे राहिले. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण इंद्रजीत आता आधी नीट झोप घेऊन मग विमान उतरवतात, हे ऐकून बरंही वाटलं.

तरी मला चैन नाही. त्या बिछान्यांची कव्हरं पारूच शिवते. ती स्वतः अजून पुठ्ठ्यावरच झोपते, आणि गेल्या महिन्यापासून तिची वीस मिनिटं पंधरावर आली आहेत. तिच्या झोपेची ओळ कुठल्याच कागदावर नाही. परवा शिवता शिवता तिची मान कलली आणि सुई बोटात घुसली. चिंधी गुंडाळून ती पुन्हा कामाला लागली.

मित्रांनो, तुमच्यासाठी राबणाऱ्या माणसाचे डोळे एकदा नीट बघा. जड दिसले, तर विचारा, "आज पाठ टेकलीत का?" मी रोज तिच्यासमोर असते, पण मला ते विचारता येत नाही.