गाळलेलं चिन्ह

बुलढाण्याच्या क्लबात एक पियानो होता. इंग्रज साहेब गेला तेव्हा तो हलवण्याची दगदग कुणी केली नाही, म्हणून तिथेच राहिला. १९६४ साली तो वाजवणारा माणूस गावात एकच होता, कचेरीतला कारकून गोपाळ लोणारकर. पुस्तक पुढ्यात ठेवून तो स्वतःच शिकला होता. पाच रेघांवरचा एक ठिपका बघायचा, खाली बघून पट्टी शोधायची, मग पुन्हा पानाकडे वळायचं. सात वर्षांत सहा चाली बसल्या होत्या.

त्या हिवाळ्यात बांधकाम खात्याचे नवे इंजिनिअर बदलून आले. त्यांची बायको प्रतिमाबाई लग्नाआधी नागपूरला पियानो शिकवायची. ती क्लबात आली तेव्हा गोपाळने दबकतच आपल्याजवळचं नाचाच्या चालींचं जुनं पुस्तक पुढे केलं. यातलं तिने काही वाजवलेलं नव्हतं. तिने मधलंच एक पान उघडलं आणि ती चाल शेवटपर्यंत वाजवली, कुठेही न थांबता. खाली पट्ट्यांकडे एकदाही पाहिलं नाही.

गोपाळला हेवा वाटला नाही. हे होतं कसं, एवढंच त्याला हवं होतं. त्याने विचारलं, तर तिलाही सांगता येईना. डोळे बघतात, हात चालतात, एवढंच ती म्हणाली. पण त्याच्या एक गोष्ट ध्यानात आली होती. पानावरची शेवटची ओळ वाजायची असतानाच तिने पान उलटलं होतं.

पुढच्या रविवारी त्याने परवानगी मागितली आणि ती वाजवत असताना पानावर एकदम पोस्टकार्ड ठेवून पुढचे ठिपके झाकले. ती आणखी सात सूर वाजवून थांबली. मग तिने त्याला बसवलं आणि तेच केलं. तो पुढच्याच सुरावर अडला. तिला हसू आलं नाही. उलट तिनेच आणखी चार पानांवर तसं करून बघायला लावलं. कधी सहा सूर निघाले, कधी आठ. आपले डोळे हातांच्या इतके पुढे पळतात, हे तिला तीस वर्षांच्या आयुष्यात कुणी सांगितलं नव्हतं.

त्याच पुस्तकातली एक चाल गोपाळ महिनाभर घोटत होता. चौथ्या ओळीत एक सूर दर वेळी कानाला बोचायचा. आपलंच बोट चुकत असणार, असं धरून त्याने ती ओळ शेकडो वेळा वाजवली होती. अखेर एके दिवशी ती त्याने तिला वाजवायला सांगितली. तिच्या हातून ती गोड वाजली. त्याने पुन्हा वाजवायला लावली आणि या वेळी तिच्या बोटांकडे बघत राहिला.

"बाई," तो म्हणाला, "तुमी काळी पट्टी दाबली. पानावर पांढरी हाये."

तिने मान हलवली. जे छापलंय तेच आपण वाजवलं, असं तिचं म्हणणं होतं. त्याने ठिपक्याखाली बोट ठेवलं. ती वाकली, चष्मा वर करून बघितलं. पांढरीऐवजी काळी पट्टी घ्या, असं सांगणारं जे चिन्ह सुराच्या आधी हवं, ते छापायचं राहून गेलं होतं.

"मी हे वाचलंच नाही," ती हळू म्हणाली. "इथे काय असणार, ते मी आधीच ठरवून टाकलं."

"म्हंजे माही चूक नोयती?"

"नाही. जे आहे ते तुम्हीच वाचलंत, गोपाळराव."

महिनाभर आपल्या बोटांना दिलेले दोष त्याला आठवले असावेत, कारण त्याने हात मांडीवर घेऊन एकदा नीट बघितले.

तिने मात्र ते पान सोडलं नाही. छापलंय तसंच वाजवायचं, असं ठरवून पुन्हा सुरुवात केली. चौथ्या ओळीत बोट आपसूक काळ्या पट्टीवर गेलं. दुसऱ्यांदाही गेलं. तिसऱ्यांदा ती त्या सुराआधी चक्क थांबली, खाली पट्ट्यांकडे बघितलं आणि बोट उचलून पांढरीवर ठेवलं. तो बोचरा सूर वाजला.

"बापरे," ती म्हणाली, "किती अवघड आहे हे." आणि सरकून तिने गोपाळला बाकावर जागा करून दिली.