दोन काठ्यांमधला गहू

आमच्या संस्थेचं ऑफिस म्हणजे टायरच्या दुकानामागची एक खोली, आणि संस्था म्हणजे जवळजवळ मीच. शेतात जमिनीवर अंडी घालणाऱ्या पक्ष्यांची घरटी शोधायची आणि कापणीच्या वेळी ती वाचवायची, हे आमचं काम. ऐकायला छान वाटतं. प्रत्यक्षात मदतीला या म्हणून दिवसभर माणसांना फोन करावे लागतात. सोमवारी हो म्हणणाऱ्याकडे शुक्रवारी पाहुणे येतात. ज्याच्याकडे गाडी आहे त्याची कंबर धरलेली असते, आणि धडधाकट कंबरवाल्याला गाडी येत नाही. नवरा म्हणतो, तुझ्या पक्ष्यांपेक्षा तुझी माणसंच लवकर उडतात. पहिल्यांदा मी पोट धरून हसले होते. आता चहाचा कप उचलून दुसऱ्या खोलीत जाते.

टिटव्या अजून येतात असं आमच्या हातात एकच शेत उरलंय, ते माझ्या सख्ख्या मोठ्या भावाचं. बाकीच्यांनी एकेक करून नकार दिला. हार्वेस्टर आला की तो सरळ रेषेत पळवायचा असतो, पक्ष्यासाठी वळसा घालायला कोण बसलंय? दादा मात्र दर वर्षी घरट्याभोवतीचा गहू उभा ठेवतो. यंदा त्यानं मला आधीच सांगून टाकलं होतं.

"मी इतकी वर्षं तुकडा सोडतोय आणि एक पिल्लू काही बघितलं नाही. यंदाही रिकामंच गेलं तर पुढच्या वर्षी मला विचारू नकोस."

तो चिडून बोलला असता तर मी भांडले असते. तो दमून बोलला, आणि दमलेल्या माणसाशी भांडायचं कसं हे मला माहीत नाही, कारण मीही तशीच आहे.

घरटं दाखवायला आम्ही दोनच काठ्या रोवतो. मशीन ज्या दिशेनं येणार त्या रेषेत एक अलीकडे, एक पलीकडे, आणि दोन्ही घरट्यापासून चांगल्या लांब. मधला पट्टा ड्रायव्हर सोडून देतो. लांब अशासाठी, की कावळ्याला काठी आणि अंडी यांचा संबंध एकदा कळला की संपलं. नव्या माणसाला हे मी काठी हातात देऊन, शेतात उभं करून शिकवते.

या खेपेला शिकवलं नाही. दादाच्या शेतात काठ्या रोवायला आमच्याकडे नव्यानं आलेल्या दातांच्या डॉक्टरीणबाई पहिल्यांदाच जाणार होत्या आणि मी बरोबर जायचं ठरलं होतं. मी आजारी नव्हते, घरी काही अडलं नव्हतं. कंटाळा आला होता, एवढंच. फोनवर त्यांना सांगितलं, काठ्या नीट रोवा. मग फोन बंद केला आणि झोपले.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेतावर पोचले तेव्हा निम्मं शेत कापून झालं होतं, मशीन बांधावर थांबलं होतं, आणि कापलेल्या भागात गव्हाचं एक बेट उभं होतं. डॉक्टरीणबाईंचा चेहरा फुलून आला होता. त्यांनी काठ्या नीट रोवल्या होत्या. एक नाही, दोन नाही, चार; घरट्याला अगदी खेटून, प्रत्येक काठीला लाल रिबीन. एका काठीच्या टोकाला कावळ्याची पांढरी विष्ठा होती.

मी वाकून आत शिरले. जमिनीतल्या खळग्यात वाळलेला बलक होता आणि अर्धं कवच. पिल्लू अंड्यातून निघालं तर बलक राहत नाही. मला सगळं कळलं, आणि खरं सांगायचं तर पहिल्यांदा रडू आलं नाही, संताप आला. आधी बाईंचा, मग स्वतःचा. पण बाईंना बोलावं तर त्या उद्यापासून येणार नाहीत, आणि माझ्याकडे माणसंच किती उरलीत?

मागे दादाची चाहूल लागली. मी कवच खिशात टाकलं आणि पायानं बलकावर माती ओढली.

"काय झालं?" त्यानं विचारलं.

टिटवीचं पिल्लू अंड्यातून निघालं की थोड्याच वेळात चालू लागतं. म्हणजे घरटं रिकामंच दिसतं, सगळं नीट पार पडलं तरीही. हे दादाला मीच कधीतरी समजावलं होतं.

"निघाली पिल्लं," मी म्हणाले. "गेली चालत."

डॉक्टरीणबाईंनी टाळ्या वाजवल्या. दादा रिकाम्या खळग्याकडे बघत राहिला, आणि हळूहळू त्याच्या तोंडावर जे हसू आलं ते मी आई गेल्यापासून पाहिलं नव्हतं. पुढचं वर्ष वाचलं, असं माझ्या मनात आलं. मला लाज वाटली, पण सुटल्यासारखंही वाटलं.

तेवढ्यात ड्रायव्हरनं मशीन सुरू केलं. दादानं झटकन हात वर केला.

"पिल्लं चालत गेली म्हणजे कुठं गेली? कापलेल्यात तर दिसत नाहीत. उभ्या गव्हातच असणार की."

मी म्हटलं, असतील, पण ती आपली आपण बाजूला होतात. त्यानं ऐकलं नाही. ड्रायव्हरला म्हणाला, मी पुढे चालतो, तू माझ्यामागून ये. ड्रायव्हरनं कपाळावर हात मारला. दादाच्या दोन्ही गुडघ्यांची बोंब आहे, घरी जिनाही तो कठड्याला धरून चढतो. आता तो उरलेल्या निम्म्या शेतात शिरला, कमरेत वाकून, दोन्ही हातांनी गहू बाजूला करत, आणि मागून ते धूड गुरगुरत यायला लागलं.

मी धावत जाऊन त्याच्या शेजारी चालायला लागले. दुसरं काय करणार होते? ऊन चढलं होतं. वाकले की खिशातलं कवच मांडीला टोचत होतं, मग तेही चुरलं. दादाच्या नाकावरून घाम ठिपकत होता.

"पिल्लू दिसतं कसं?" त्यानं मान वर न करता विचारलं.

"मातीच्या रंगाचं. घाबरलं की चिकटून बसतं. पायाखाली येईपर्यंत दिसत नाही."

"म्हणजे नाही दिसलं तरी असू शकतं."

"असू शकतं," मी म्हणाले.

त्यानं मागे वळून ड्रायव्हरला अजून हळू यायची खूण केली, आणि पुन्हा वाकला.